पाच मुक्काम मागं

थावरा,

उद्या सकाळी तांड्याची वाट मोकळी होणार. तुझ्या आजोबांनी आज न्याहारीच्या वेळी सांगितलं. शेवटचा आजारी माणूस उठून बसला, त्याने भाकर मागितली, म्हणजे ताप गेला. अरुणावतीचं पाणीही मांडीपर्यंत उतरलंय. उद्या वाटेवरचा दोर सोडतील आणि मी आर्णीला जाऊन यवतमाळची मोटार धरू शकेन. इतके दिवस याच एका गोष्टीसाठी मी पिंजऱ्यातल्या उंदरासारखा इकडून तिकडे करत होतो. आता दार उघडतंय तर पाय उचलत नाहीत.

तुला जाऊन नऊ दिवस झाले. मी तुझ्याच वहीत लिहितोय. पुढच्या पानांवर तुझं वनस्पतिशास्त्र आहे, मागची कोरी होती. शुद्ध मराठीत लिहितोय म्हणून हसू नकोस. माझ्या घरी हिंदी, तुझ्या घरी बंजाऱ्यांची गोरबोली, आपल्या दोघांत वऱ्हाडी, आणि कागदावर मात्र सरांची मराठी. लिहिण्यातली माझी वऱ्हाडी सरांनी लाल शाईने काढली, बोलण्यातली त्यांच्या बापालाही निघाली नसती.

बसलोय कुठे ते सांगतो. मोहाच्या झाडाखालच्या त्या खोपटीतच. आज कुणी बसवलं नाही, मीच आलो. तुझ्या घरात मला बसवत नाही. तुझी याडी मला तुझ्या ताटात वाढते. तुझी आई मला पोटभर वाढते आणि मी मान खाली घालून गिळतो, आणि प्रत्येक घासाला वाटतं की आता हिला सांगावं. सांगत नाही. पुढचा घास घेतो.

तुला आठवतं ना, हे सगळं एका कागदापासून सुरू झालं. आपल्या जीवशास्त्राच्या सरांनी वर्तमानपत्रात वाचलं की परदेशातून जहाजांबरोबर नवा फ्लू आलाय, नागपूरपर्यंत पोचलाय, आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या पोरांना या नव्या रोगाचं काय कळतं ते पाहू म्हणाले. बारा प्रश्न काढले, सायक्लोस्टाइल करून वर्गावर्गांत वाटले. वाटायला तू आणि मी. उत्तरं गोळा करताना आपण कॉलेजच्या पायरीवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. रोग कशाने होतो, तर कुणी लिहिलं अणुबॉम्बच्या धुराने. कुणी लिहिलं हरभऱ्याची डाळ खाल्ल्याने. आर्ट्सच्या एका शहाण्याने लिहिलं, हा गोऱ्या लोकांचा रोग आहे, ज्वारी खाणाऱ्याला होत नाही. सर इतके चिडले की चष्मा काढून टेबलावर आपटला. "हे उद्याचे पदवीधर," म्हणाले.

मला बारापैकी बारा मिळाले. तुला अकरा. तुझा जो एक गेला, त्यावरून मी तुला किती छळलं. प्रश्न होता, रोग्याच्या सहवासात आलेल्याने काय करावे. मी लिहिलं, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तू लिहिलंस, 'पाच मुक्काम मागं चालावे.' सरांनी लाल काट मारली आणि बाजूला लिहिलं, अस्पष्ट. मी महिनाभर तुला 'पाच मुक्काम' म्हणूनच हाक मारत होतो. "ओ पाच मुक्काम, चाल चहा प्याले." तू येत होतास. एकदाही उलगडून सांगितलं नाहीस. मीही कधी विचारलं नाही. माझ्याकडे बारा होते ना.

मग होस्टेलमध्ये ताप आला. आधी एका खोलीत, मग एका ओळीत. कॉलेज बंद झालं, पोरांना घरी जा म्हणाले. सरांनी जाणाऱ्यांच्या हातात दोघांमागे पत्रकांचा एक गठ्ठा आणि ताप उतरवायच्या एपीसी गोळ्यांची एक पुडी दिली, गावात जाऊन लोकांना शहाणं करा म्हणाले. आज मला यातलं सगळं दिसतं. तापाच्या घरातून पोरं उचलायची आणि ताप कसा टाळावा हे सांगायला गावोगाव पाठवायची. तेव्हा मात्र माझी छाती फुगली होती. मी यवतमाळचाच, मला कुठे जायचं नव्हतं. पण अब्बांच्या सायकलच्या दुकानातल्या पत्र्याचा मी भोंगा करून घेतला होता, तो कुठे तरी वाजवायला नको? तू म्हणालास, "तू कायले येतं? तठी पावसात चिखल हाय, दुसरं काही नाही." मी म्हणालो, "तुह्या तांड्याले शिकवाले येतो." तुझं तोंड जरा वाकडं झालं. पण नाही म्हणाला नाहीस. तुला कुणाला नाही म्हणताच येत नव्हतं, हाच तुझा दोष होता.

तांड्याच्या तोंडाशी तुझे आजोबा उभे होते. मी त्यांना पहिल्यांदा पाहत होतो. लाल पागोटं, कानात बाळ्या, हातात काठी. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, हे मला ठाऊक होतं, पण नातवाला असं थांबवतील हे नव्हतं. तू पाया पडायला पुढे झालास तर त्यांनी काठी आडवी धरली. "कोठून आले?" म्हणाले. जणू त्यांना माहीत नव्हतं. "यवतमाळहून," तू म्हणालास. "तठी ताप हाय?" "हाय." "मंग पाच मुक्काम."

आणि तू मुकाट्याने वळलास. मोहाखालच्या खोपटीकडे चालू लागलास.

तेव्हा मला तुझं उत्तर कळलं. खोपटीत बसल्यावर तू सांगितलंस की तुमचे लोक बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुखामुलखातून फिरायचे, तेव्हा तापाच्या गावातून आलेल्या माणसाला तांड्यात घेत नसत. त्याने पाच मुक्काम मागून चालायचं. तांडा पुढे, तो मागे, मध्ये इतकं अंतर की त्याचा धूर दिसेल पण वास येणार नाही. त्याच्यासाठी भाकर दगडावर ठेवून तांडा पुढे निघायचा. रोज पहाटे नायक मागे जाऊन त्याच्या कपाळाला उलटा हात लावायचा. पाच मुक्काम कपाळ थंड राहिलं तर आत. आता बैल गेले, तांडा बसला, शेती आली, पण दिवसांना अजून मुक्कामच म्हणतात. आणि मानमोडीच्या साथीच्या साली आजूबाजूची गावं ओस पडली तेव्हा तुझ्या पणजोबांच्या हाताने हा तांडा तरला होता. तोच हात आता तुझ्या आजोबांकडे आलाय, असं तू म्हणालास.

मी म्हणालो, "हा अडाणीपणा हाय."

"काहून?" तू म्हणालास. "सरांनी पत्रकात काय लेहलं? रोग्यापासून दूर राहावे. दूर म्हंजे किती, ते नाही लेहलं. माह्या बुढ्यानं मोजून देल्लं."

"मंग वाटेवर लिंबू-मिरच्या कायले बांधल्या? त्यानं रोग थांबते?"

"ते मलेही नाही समजत. पन सरांच्या पत्रकावर वरती 'श्री' लेहलं हाय. त्यानं थांबते काय?"

मी चिडलो. चार भिंतीसुद्धा नाहीत अशा त्या खोपटीत मला कोंडल्यासारखं झालं. वर गळणारं गवत, खाली ओल, समोर वीस हातांवर तो दगड. त्या दगडावर याडी भाकर आणि अंबाडीची भाजी पळसाच्या पानात ठेवायची आणि मागे सरकून लांबून हाक मारायची. तुझं नाव घ्यायची, मग माझं. शरीफ म्हणता येत नव्हतं, सरीप म्हणायची. तू तिच्याकडे बघत बघत जेवायचास. आई वीस हातांवर आणि जवळ जाता येत नाही. तुझं गपगार होणं मी पाहत होतो आणि तरी रोज सकाळी भांडत होतो.

दुसऱ्या दिवशी तू गंमत म्हणून सरांचे बारा प्रश्न आजोबांना विचारलेस. ते लांब उभे, तू खोपटीतून ओरडून वाचत होतास, मी गुण देत होतो. रोग्यापासून किती अंतरावर राहावे? "त्याचा खोकला आयकू येईन पन तोंड दिसनार नाही, तितकं." रोग कशाने होतो? "ते मले काय मालूम? तुमी शिकले ना. कोनापासून होते ते मालूम हाय." मी त्या उत्तराला शून्य दिलं. तू माझ्या हातातून पेन्सिल घेतलीस आणि त्या शून्यासमोर एक काढलास. मी पुन्हा खोडलं. ते पान अजून वहीत आहे. खोडून खोडून भोक पडलंय.

आता जे सांगायचं त्याच्याभोवती मी इतकी पानं फिरतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालंय. सांगतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझं अंग मोडून आलं. पाठीतून थंडी चढली, डोळ्यांमागे ठणका लागला. मला लगेच कळलं. बारापैकी बारावाला होतो मी, लक्षणं पाठ होती. होस्टेलमध्ये ज्याच्या उशाशी बसून मी पत्रक वाचून दाखवलं होतं त्याचाच हा ताप. आणि पहिला विचार काय आला सांगू? मी वाचेन का, हा नाही. तुला होईल का, हाही नाही. विचार आला की उद्या पहाटे म्हातारा हात लावेल, आणि तांड्याला शिकवायला आलेला मास्तरच तापाने पकडला जाईल. तुझ्यासमोर. आणि मग आणखी दहा-पंधरा दिवस याच ओलीत, त्याच दगडाकडे बघत.

तर पहाटे कोंबडं आरवायच्या आधी उठून मी सरांच्या पुडीतल्या दोन गोळ्या घेतल्या. दरदरून घाम सुटला. उजाडताना आजोबा आले तेव्हा माझं कपाळ ओलं आणि गार होतं. त्यांनी उलटा हात टेकवला, जरा थांबले, "ठंडो छ," म्हणाले. मग राखेने हात चोळून धुतला आणि गेले. मी मनात हसलो, थावरा. म्हटलं, घ्या तुमचा पिढीजात हात. एका गोळीने फसला.

पाचव्या दिवशी पहाटेही तेच. पण त्या वेळी तू जागा होतास.

"पाण्यासंगं काय घेतलं बे?" तू विचारलंस. मी म्हणालो, काही नाही. तू माझ्याकडे पाहिलंस, बराच वेळ. मग माझा घामाने भिजलेला सदरा उचललास आणि मागच्या बाजूला, जिथे आजोबांना दिसणार नाही अशा ठिकाणी, वाळत घातलास. आणि तुझं घोंगडं माझ्या अंगावर टाकलंस. एक शब्द बोलला नाहीस.

काहून बोलला नाहीस? नऊ दिवस मी हेच विचारतोय. मला लाज वाटू नये म्हणून? की पाच दिवस आईला वीस हातांवरून पाहून तुझाही जीव दमला होता? एक शिवी दिली असतीस, एक कानाखाली वाजवली असतीस. आजोबा दहा पावलांवर होते, हाक मारली असतीस. तुझ्या त्या न बोलण्याचा मला राग येतो. आणि लगेच वाटतं, वा रे शरीफ, गोळी खाल्ली तू आणि रागावतो त्याच्यावर.

आजोबांनी माझ्या कपाळाला हात लावला, तुझ्या लावला. तुझं खरंच थंड होतं. "ठंडो छ. चला." तांड्यातल्या बायांनी पाणी ओवाळून टाकलं. याडी धावत आली आणि तिने तुझं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग माझंही. तिचे हात अजून माझ्या गालांवर आहेत असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी तू फणफणलास. आजोबांनी हात लावला आणि आपल्या हाताकडे पाहत राहिले. दुपारी वाटेवर दोर बांधला. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. घरामागून घर आजारी पडत गेलं. मी पत्रक काढून वाचायला लागलो तर कुणी ऐकेना, आणि तो भोंगा मी कुठे टाकला तेही मला आठवेना. परवा पाहिला, त्यात याडीची कोंबडी अंड्यांवर बसली आहे.

डॉक्टर आणायला मी दोनदा नदीवर गेलो. आजोबांनी अडवलं नाही, म्हणाले, "पानी जाऊ देत असन तं जाय." पाणी दोन्ही थड्या भरून चाललं होतं. मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहे. काठावर उभं राहून परत आलो, दोन्ही वेळा. पुडीत तीन गोळ्या उरल्या होत्या. बाकीच्या मी थंड कपाळासाठी खाऊन बसलो होतो. त्या तीन तुला दिल्या. उतरला थोडा ताप, पण तोवर छाती भरली होती. बाकी सगळे उठले, थावरा. म्हातारेकोतारे उठले, तान्हं पोरसुद्धा उठलं. तू तेवढा उठला नाहीस. असं का, ते सरांच्या बारा प्रश्नांत नव्हतं.

खोपटीत मी खरं बोललो असतो तरी तुला ताप आलाच असता, आपण एका घोंगड्यात होतो. हे मी स्वतःला दिवसातून कितीदा सांगतो. ते खरंही आहे. पण त्याने काही होत नाही.

शेवटच्या दिवशी, ऊन पडलं होतं तेव्हा, तू मला जवळ ये म्हणालास. धाप लागत होती. "बुढ्याच्या हाताले कोनी नाव ठेवलं," तू म्हणालास, "तं तू बोलजो."

"काय बोलू?"

"तुले मालूम हाय."

मग म्हणालास, वही घेऊन जाजो. एवढंच. दुपार कलायच्या आत तू गेलास.

तुमच्यात लग्नाआधी गेलेल्याला पुरतात. आमच्यात सगळ्यांनाच. खांदा द्यायला धड चार माणसं उभी राहण्यासारखी नव्हती, म्हणून चौथा मी झालो. तुमच्या भाषेत मी कोर, म्हणजे परका. आजोबांनी विचारलं, "तुमच्यात कसं करते?" मी म्हणालो, तीन मुठी माती. "मंग कर," म्हणाले. मी केली. तुझ्यावर पहिली माती ज्या हाताची पडली त्याच हाताने गोळ्या घेतल्या होत्या. हे तिथे एकट्या मला ठाऊक होतं.

तेव्हापासून आजोबांनी कुणाच्या कपाळाला हात लावला नाही. एक बाई पोराला घेऊन आली, नायक, जरा हात लावून पाहा म्हणाली. त्यांनी हात पाठीमागे नेला. "या हातात आता काही नाही राह्यलं, बाई," म्हणाले. म्हातारा पार बसला आहे. काठी दाराशी पडून असते. काल तुझ्या काकाने सगळ्यांसमोर सांगितलं, "बुढ्याचा हात गेला. नातवाचा ताप नाही समजला, दुसऱ्याचा काय समजीन? आता कोनाले थांबवायचं काम नाही. दोर सुटला का खोपटी मोडून टाका, लाकडं चुलीत जातीन." सगळे आजोबांकडे पाहत होते. त्यांनी मान हलवली. हो म्हणून.

म्हणजे उद्या सकाळी दोर सुटेल आणि ही खोपटी मोडतील. पुढच्या वेळी ताप आला तर या वाटेवर काठी आडवी धरणारं कुणी नसेल. मानमोडीत तरलेला तांडा, माझ्या दोन गोळ्यांनी उघडा पडणार.

मी बोललो तर? तर याडी. तिला कळेल की तिने नऊ दिवस कुणाला जेवू घातलं. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मध्ये मी, बारापैकी बारा. मार खायची भीती वाटते का? वाटते. खोटं कशाला सांगू. मी इथे एकटा आहे, अब्बांना मी कुठे आहे याचा पत्ता नाही. पण मार खाऊन सुटका होत असती तर मी केव्हाच गेलो असतो. तिचं तोंड बघावं लागेल, ते होत नाही.

उद्या पहाटे निघून गेलो तर कुणाला काही कळणार नाही. हे लिहिलं आणि वाचून पाहिलं. किती सोपं वाक्य आहे.

*

वरचं परवा दुपारी लिहिलं होतं. पुढचं आज लिहितोय.

परवा दिवस मावळायच्या आधी मी तुझ्या घरी गेलो. आजोबा ओसरीवर वाखाचा दोर वळत होते. याडी आत चुलीपाशी, दार उघडं. मला वाटलं तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलावं. मग वाटलं, नाही, एकदाच बोलवेल, मोठ्यानेच बोलावं.

"बाबा, तुमचा हात नाही चुकला," मी म्हणालो. "मीच चुकवला. मले तिसऱ्या दिवशी ताप आलता. मी रोज पहाटे गोळी खात होतो."

दोर वळणं थांबलं. आत भाकर थापायचा आवाज थांबला.

"गोळीनं कपाळ थंड होते?" त्यांनी विचारलं.

"होते."

"किती येळ?"

"चार-पाच तास. मंग पुन्हा चढते."

त्यांनी उजवा हात उलटा करून समोर धरला आणि पाहत राहिले. मी वाट पाहत होतो की आता काठी उचलतील. याडी दारात आली, माझ्याकडे पाहिलं. मागे वळून चुलीपाशी गेली आणि पाठ करून बसली. काठी परवडली असती.

"थावराले मालूम होतं?" आजोबांनी विचारलं.

मी गप्प राहिलो. तुझं नाव घ्यावं की नाही ते कळेना. माझ्या गप्प राहण्यातूनच त्यांना कळलं. त्यांनी डोळे मिटले. "सिधा होता," म्हणाले. "आपल्या मानसाले तोंडावर पाडत नव्हता." वळलेला दोर बाजूला ठेवला. मग, "तुले तोंड दाखवू नको म्हनावं असं वाटते. पन तू सांगतलं. आनखी गोळी हाय तुह्यापाशी?"

"नाही."

त्यांनी उठून माझे खिसे उलटे केले. स्वतःच्या हाताने. सदऱ्याचा, पायजम्याचा. मग काठी उचलली आणि खोपटीकडे रोखली.

"पाच मुक्काम. उद्याचा पहिला."

"बाबा, मले आता ताप नाही."

"मालूम हाय. उद्या समदे खोपटी मोडाले येतीन. खोपटीत मानूस बसला असन तं कोन मोडीन?"

मी खोपटीकडे वळलो.

"अन् आयक," ते म्हणाले. "आता हात दोनदा लावीन. पहाटे एक डाव, अन् ऊन डोक्यावर आलं का एक डाव. गोळी उतरल्यावर."

थावरा, तुझा बुढा शिकला. सरांच्या पोरांपैकी एकालाही सुचलं नाही ते त्याला ओसरीवर बसल्या जागी सुचलं. तुझ्या उत्तरपत्रिकेवरची ती लाल काट मी सरांसमोर धरणार आहे. म्हणेन, अस्पष्ट काय आहे यात, दाखवा. आणि मी काय केलं तेही सांगेन. कॉलेजच्या सगळ्या पोरांसमोर सांगेन, भोंग्याशिवाय.

काल सकाळी दोर सुटला. काका आणि आणखी दोघं कुऱ्हाडी घेऊन मोहाखाली आले. आजोबा खोपटीच्या तोंडाशी उभे होते, काठी आडवी. तांडा जमला. त्यांनी सगळ्यांना ऐकवून माझी गोष्ट सांगितली, माझ्याच तोंडासमोर, एकही शब्द कमी न करता. काकाने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली वळवली. मग त्याने कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली आणि निघून गेला. लोक आर्णीच्या बाजाराला गेले, बाया नदीवर गेल्या. वाट मोकळी आहे. मी सोडून सगळे मोकळे आहेत.

काल दगडावर भाकर काकूने ठेवली, तीही तिथून तोंड फिरवून. याडी आली नाही. मी धरून चाललो होतो की ती येणार नाही.

आज पहाटे आजोबा आले, कपाळाला हात लावला. "ठंडो छ." राखेने हात धुतला. दुपारी ऊन डोक्यावर आल्यावर पुन्हा आले, पुन्हा लावला. या वेळी हात जास्त वेळ ठेवला. तो हात पक्का टेकला होता. "ठंडो छ," म्हणाले आणि गेले.

त्यांच्या मागून याडी आली. भाकर दगडावर ठेवली, मागे सरकली. हाक मारली नाही. तुझं नाव घेऊन मग माझं घ्यायची सवय होती तिला, आता पहिलं नाव उरलं नाही तर दुसरं कसं घेणार? मी जाऊन भाकर उचलली, खोपटीत येऊन बसलो. भाकर हातातच राहिली. वर पाहिलं तर ती वीस हातांवर तशीच उभी होती. मी खाऊ लागेपर्यंत ती हलली नाही.

आज दुसरा मुक्काम, थावरा. अजून तीन आहेत.